हजेरी गेली तरी हक्क जात नाही

घरात कमावणारे हात चार आणि चारही रिकामे. ठेकेदाराने बाईला सांगितले, पुढच्या महिन्यापासून येऊ नको. नवऱ्याची कंपनी तर दिवाळीपासूनच बंद. आणि नेमक्या त्याच महिन्यात बाईच्या लक्षात येते की दिवस गेले आहेत. आपल्या वस्त्यांमध्ये ही गोष्ट इतकी नेहमीची झाली आहे की तिच्याकडे प्रश्न म्हणून कोणी पाहतच नाही. सासू म्हणते, ज्याने चोच दिली तो चारा देईल. चोच देणाऱ्यावर आपला विश्वास नाही, निदान नसायला हवा. चाऱ्याचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो.

कामगार न्यायालय आणि कौटुंबिक न्यायालय यांच्यामध्ये माझी वकिली चालते. अशा भगिनी माझ्याकडे येतात त्या सातव्या-आठव्या महिन्यात. तोवर मंगळसूत्र गहाण पडलेले असते, दोन-तीन बचत गटांचे हप्ते थकलेले असतात आणि ठेकेदाराविरुद्ध अपील करण्याची मुदत निघून गेलेली असते. जे काम दुसऱ्या महिन्यात एका अर्जावर होते, ते आठव्या महिन्यात होत नाही.

पैशाचा विचार करण्याआधी एक गोष्ट. मूल ठेवायचे की नाही, हा निर्णय त्या बाईचा आहे. हे माझे मत म्हणून सांगत नाही, कायदा म्हणून सांगतो. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याप्रमाणे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भनिरोधक साधन फसले हे कारणही त्यात धरले आहे, आणि बाई विवाहित असलीच पाहिजे ही अट २०२१ मध्ये गेली. बाईच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्याला धोका आहे का, हे ठरवताना तिच्या आजूबाजूची परिस्थिती डॉक्टरने विचारात घ्यावी, असे कलम ३ मध्येच लिहिले आहे. घरात चूल पेटत नसेल तर ती परिस्थिती नाही तर काय आहे? २० ते २४ आठवड्यांच्या काळात दोन डॉक्टर लागतात आणि ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांनाच परवानगी मिळते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ व्यापक केला आणि अविवाहित स्त्रियांनाही त्यात घेतले.

तरीही दवाखान्यात सांगितले जाते, नवऱ्याची सही आणा. कायद्यात अशी सही कुठेही नाही. बाई १८ वर्षांची झाली असेल आणि तिचे मानसिक संतुलन ठीक असेल तर तिची एकटीची संमती पुरते. तिचे नाव उघड करणे हा गुन्हा आहे. सरकारी रुग्णालयात ही सोय असताना आपल्या बाया मेडिकलच्या दुकानातून गोळ्यांचे पाकीट आणतात, किती आठवडे झाले याचा पत्ता नसतो, आणि मग अर्धवट गर्भपात होऊन रक्तस्राव घेऊन रात्री रिक्षाने रुग्णालयात जातात. पैसे वाचवायला घेतलेली ती गोळी सगळ्यात महाग पडते.

काही भगिनींची गोष्ट आणखी वेगळी असते. नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली, हातात प्रमाणपत्र, आणि तरी दिवस जातात. वस्तीत मग भलताच संशय सुरू होतो. नवरा बायकोवर, सासू सुनेवर. दोष डॉक्टरचा किंवा शस्त्रक्रियेचा असू शकतो हे कोणी बोलत नाही. हरियाणातील संतरा नावाच्या मजूर बाईने ही लढाई लढली. नसबंदीनंतर तिला मूल झाले. शस्त्रक्रिया एकाच नलिकेची केली होती आणि तिला मात्र आता मूल होणार नाही असे सांगितले होते. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला त्या मुलाच्या संगोपनाचा खर्च द्यायला लावला. पुढे २००५ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की शस्त्रक्रिया फसली एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. हे खरे आहे, आणि त्यामुळे खटल्याचा रस्ता अवघड झाला आहे. परंतु नसबंदी फसल्यास भरपाई देण्याची सरकारी योजना आहे आणि तिच्यासाठी डॉक्टरचा दोष सिद्ध करावा लागत नाही. प्रमाणपत्र आणि गर्भ राहिल्याचा तपासणी अहवाल घेऊन जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे ताबडतोब अर्ज द्यावा. मुदत थोडी असते. मूल ठेवायचे ठरवले तरी हा अर्ज द्यायचा असतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

आता मूल ठेवायचे ठरले असे समजू. पहिला प्रश्न, नोकरी खरेच गेली आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण मी तो प्रत्येकीला विचारतो. ‘काम सुटले’ असे ती सांगते. खोदून विचारले की कळते, मळमळ व्हायला लागली, पर्यवेक्षकाने पाहिले, आणि पंधरा दिवसांत तिचे नाव हजेरीपत्रकावरून गेले. हे काम सुटणे नव्हे, काढणे आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या कलम १२ ने ठेकेदाराची ही पळवाट आधीच बंद केली होती. गर्भारपणात केव्हाही कामावरून काढले, आणि काढले नसते तर तिला भत्ता मिळाला असता, तर काढल्यामुळे भत्ता बुडत नाही. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. ही तरतूद मात्र संहितेतही आहे. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की पुरे. भत्ता २६ आठवड्यांचा, आणि दोन मुले आधीच हयात असतील तर १२ आठवड्यांचा. काढल्याचा हुकूम कळल्यापासून ६० दिवसांत अपील करायचे. हे ६० दिवस नीट लक्षात ठेवा, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांतली निम्मी इथेच मरतात.

ठेकेदार म्हणेल, ती रोजंदारीवर होती. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्री कामगारांच्या प्रकरणात सांगून टाकले की मस्टरवर काम करणाऱ्या बाईलाही हा लाभ मिळतो. ठेकेदार म्हणेल, कंत्राटाची मुदतच संपली. ऑगस्ट २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने निकाल दिला की कंत्राट संपले तरी पूर्ण मुदतीचा प्रसूती लाभ द्यावाच लागतो. डॉक्टर बाईला मिळालेला हा निकाल बुटीबोरीच्या पॅकिंग विभागातल्या बाईलाही लागू आहे. फक्त तिच्याकडे ८० दिवसांचा पुरावा हवा, आणि गाडी तिथेच अडते. पगार रोख, हजेरीची वही ठेकेदाराच्या खिशात, ओळखपत्र परत घेतलेले. म्हणून कामावर असतानाच मोबाईलवर हजेरीच्या पानाचे छायाचित्र काढून ठेवा. ओळखपत्राचे दोन्ही बाजूंनी काढा. बँकेत पगार येत असेल तर पासबुक भरून घ्या. पीएफचा क्रमांक असेल तर त्या खात्याचा उतारा हा सगळ्यात भक्कम पुरावा, कारण तो ठेकेदारानेच सरकारकडे भरलेला असतो. नोकरी सुटल्यावर त्याच खात्यातली बरीचशी रक्कम काढताही येते. सावकाराच्या दारात जाण्याआधी ती काढावी.

पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर भत्ता ठेकेदाराकडे मागायचा नाही, राज्य कामगार विमा महामंडळाकडे मागायचा. आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांचे अंशदान भरलेले असेल तर २६ आठवड्यांचा भत्ता पूर्ण रोजाच्या दराने मिळतो. नाव कमी झाले म्हणून भरलेले अंशदान पुसले जात नाही. शाखा कार्यालयात विमा क्रमांक घेऊन जा आणि विचारा. तोंडी ‘नाही’ म्हटले तर लेखी मागा. लेखी मागितले की पुष्कळदा उत्तर बदलते, हा माझा अनुभव आहे.

नवरा किंवा बायको बांधकामावर मजूर असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी पाहावी. मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केलेले असले की नोंदणी होते. मंडळाच्या योजनेत नैसर्गिक बाळंतपणासाठी १५,००० आणि सिझेरियनसाठी २०,००० रुपये दोन मुलांपर्यंत मिळतात, आणि नोंदणीकृत कामगाराच्या पत्नीलाही मिळतात. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या बांधवांपैकी किती जणांची नोंदणी जिवंत आहे? नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, आणि ते करून देतो म्हणून दलाल जे पैसे घेतात ते दुसऱ्या लेखाचा विषय आहेत.

दवाखान्याच्या खर्चाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो खर्च करायचाच नाही. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, घरून रुग्णालयात आणि रुग्णालयातून घरी जाण्याची गाडी, हे सारे मोफत आहे. बाहेरच्या दुकानातून औषध आणायला चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा व रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे अर्ज करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गर्भवतींची मोफत तपासणी होते. आपल्याकडे ‘सरकारी नको, तिथे हाल होतात’ म्हणत ऐपत नसताना खासगी दवाखाना धरतात. हाल होतात हे मी नाकारत नाही. परंतु खासगीत सिझेरियनचे बिल चुकवण्यासाठी घेतलेले कर्ज त्या मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंत फिटत नाही, ते हाल कोणी मोजायचे?

कर्जाबद्दल दोन शब्द. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. सूक्ष्म वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून बंधन घातले आहे की सर्व कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीसाठी धाकदपटशा करता येत नाही, अवेळी दारात येता येत नाही. ज्या घरात उत्पन्नच थांबले तिथे नवे कर्ज देणारा उपकार करत नसतो. आधीचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या गटातून उचल घेणे ही आपल्या बायांची सगळ्यात मोठी फसगत आहे. त्यापेक्षा कंपनीच्या कार्यालयात लेखी द्यावे की नोकरी गेली आहे, मुदत वाढवून द्या. आणि हो, सातव्या महिन्यात मांडव घालून डोहाळेजेवण करू नका. बोलावलेली चाळीस माणसे जेवून जातात, हप्ता एकटीच्या नावावर राहतो.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला बसलो त्याकडे येतो.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ४ वाचा. प्रत्येक गर्भवती आणि स्तनदा मातेला गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार, आणि किमान ६,००० रुपयांचा प्रसूती लाभ. कलमात शब्द ‘प्रत्येक’ असा आहे. नियमित सरकारी नोकरीतल्या किंवा तसाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. पहिले मूल की दुसरे, असा भेद कलमात नाही. मग २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली आणि ‘प्रत्येक’चे ‘पहिले’ झाले, सहाचे पाच झाले. आज पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये मिळतात. ३,००० नोंदणी आणि तपासणीनंतर, २,००० मुलाच्या जन्माची नोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी झाल्यावर. एप्रिल २०२२ पासून दुसऱ्या मुलासाठी ६,००० मिळतात, पण ते अपत्य मुलगी असेल तरच आणि ती जन्मल्यावरच. पोटात मुलगा आहे की मुलगी हे विचारणे गुन्हा, आणि सरकारी मदत मात्र ते कळल्यावर! गर्भारपणात त्या बाईने खायचे काय, हा प्रश्न योजना आखणाऱ्याला पडलाच नाही.

ठरवून झालेले मूल बहुधा पहिले असते. न ठरवता राहिलेला गर्भ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचा असतो, आणि तोच हलाखीच्या काळात येतो. म्हणजे गरज जिथे सर्वांत जास्त तिथे योजनेचे दार बंद. हे चुकून झाले असे मी मानत नाही. ‘जास्त मुले काढाल तर भोगा’ हा विचार त्यामागे आहे, आणि तो आपल्यातल्या शिकलेल्या माणसांच्याही तोंडी मी ऐकला आहे.

बाबासाहेबांचा विचार असा नव्हता. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा ते बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि मालक बायकांना कामावर ठेवून फायदा मिळवतो म्हणून मालकानेही उचलावा, असे त्यांनी मांडले. त्यात कितव्या मुलाला, हा हिशेब नव्हता. दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, संततिनियमनाच्या साधनांचा सरकारने प्रसार करावा हा ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. मूल नको असेल तर ते टाळण्याची सोय स्त्रीकडे असली पाहिजे आणि निवड तिची असली पाहिजे, हे त्यात स्पष्ट होते. ठराव पडला. त्याआधी १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा र. धों. कर्वे यांची वकिलीही बाबासाहेबांनीच केली होती. नको असेल तर टाळता यावे, आणि राहिले तर समाजाने व सरकारने सांभाळावे, या दोन्ही गोष्टी ते एकाच वेळी मागत होते. आपण मात्र आज पहिली गोष्ट लाजेने बोलत नाही आणि दुसरी मागायला विसरलो आहोत.

न्यायालयेही त्या दिशेने सरकू लागली आहेत. तामिळनाडूतील उमादेवी या शिक्षिकेला दुसऱ्या विवाहातील बाळंतपणासाठी, आधीची दोन मुले आहेत म्हणून, प्रसूती रजा नाकारली गेली होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रजा द्यायला लावली आणि प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांचा भाग असल्याचे सांगितले. शिक्षिकेला जे मिळाले ते बिनकामाच्या मजूर बाईला कलम ४ मधून मिळायला हवे.

वस्तीत लगेच काय करता येईल? दुसऱ्याच महिन्यात आशाताईकडे नोंद आणि माता व बाल संरक्षण कार्ड. आधार जोडलेले बँक खाते तिच्या स्वतःच्या नावाने. संयुक्त खात्यावरून अर्ज अडतात. जातीचा दाखला काढून ठेवा, कारण आपल्या राज्यात जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागातले ७०० आणि शहरातले ६०० रुपये अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालच्या बायांना मिळतात. एखादा कारकून म्हणतो, ‘तुम्ही बौद्ध, तुम्हाला नाही.’ १९९० च्या कायद्याने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती लागू झाल्या आहेत, हे त्याला शांतपणे सांगा आणि नकार लेखी मागा.

नवरा सोडून गेला असेल, किंवा लग्नच झालेले नसेल, तर पोटगीसाठी पूर्वीचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलालाही बापाकडून त्या कलमाने पोटगी मिळते. नवरा बेकार आहे म्हणून पोटगी मागूच नये असे नाही. धडधाकट माणसाला ‘मला काम नाही’ एवढे सांगून सुटता येत नाही. वकिलाच्या फीची चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात कार्यालय आहे, १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

विहारातल्या महिला मंडळांना माझी एक सूचना आहे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करा आणि ते पैसे वेगळे ठेवा. सोनोग्राफीच्या रांगेत उभे राहायला जाण्याचे रिक्षाभाडे, दोन महिन्यांचे दूध, झेरॉक्स, फोटो. रक्कम छोटी असते, पण तिच्यावाचून अर्ज अडतो, आणि ती देताना बाईला कारण विचारू नका. विसावा भाग देण्याची शिकवण आपल्याकडे आहेच.

दुसरी सूचना. ज्या गर्भवतीला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेमुळे मातृवंदनेचा अर्ज नाकारला जाईल, तिच्या नावाने कलम ४ चा उल्लेख करून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. अन्न सुरक्षा कायद्यानेच हे पद निर्माण केले आहे. तिथे उत्तर समाधानकारक नसेल तर राज्य अन्न आयोगाकडे अपील आहे. अर्ज एका पानाचा पुरतो: नाव, पत्ता, कार्डाचा क्रमांक, गर्भ किती महिन्यांचा, नाकारल्याची तारीख आणि नाकारणाऱ्याचे पद. एका वस्तीतून एक अर्ज गेला तर तो फायलीत झोपेल. एका तालुक्यातून शंभर गेले तर कोणीतरी ते ‘प्रत्येक’ पुन्हा वाचेल. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर शिक्का आणि तारीख आहे की नाही ते खिडकीवरच पाहा.